न उडालेल्या विमानाचा पंचनामा

पत्र्याच्या शेडमधलं ते विमान आजही डोळ्यांसमोरून जात नाही. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. शहर जालना रोडने करमाडकडे सरकत होतं आणि आसपासची गावं टँकरवर जगत होती. अशाच एका गावच्या पोलीस पाटलाचा ठाण्यात फोन आला, "साहेब, लवकर या. इथं एक जण विमानानं ढग पळवतोय म्हणं. लोकं शेड जाळायला निघालेत."

मला हसू आलं, पण जाळपोळ ही हसण्याची गोष्ट नाही. चार शिपाई घेऊन निघालो.

शेडचा मालक कंपनीतून निवृत्त झालेला फिटर. परदेशातून सुटे भाग मागवून दोन माणसांचं छोटं विमान तो चार वर्षं स्वतःच्या हाताने जोडत होता. कागदपत्रं फायलीत नीट लावलेली होती.

विमान पाहिल्याचं सांगणाऱ्या तीन साक्षीदारांना वेगवेगळं बसवून विचारलं. एक म्हातारा म्हणाला, "व्हय साहेब, ह्या डोळ्यांनी बघितलं. धूर सोडत इमान आलं का ढग गेलेच." खोटं बोलणारा तपशील वाढवत जातो. हे तिघे तेवढंच सांगत होते, म्हणजे कुठलं तरी विमान त्यांनी खरंच पाहिलं होतं. म्हणून मी शेडमध्ये पुन्हा गेलो. इंजिन अजून लाकडी पेटीत होतं, पेटीचे खिळेसुद्धा काढलेले नव्हते. लोकांनी पाहिलं होतं ते कृत्रिम पावसासाठी फिरणारं सरकारी विमान.

पेटी दाखवून सांगितलं, तरी जमाव हटेना. "आज नाय उडलं, उद्या उडंल!"

शेवटी संशयित माल म्हणून पंचनामा केला आणि पंख सोडवून विमान ट्रकमधून ठाण्यात आणलं. "आठ दिवसांत परत देतो," मी फिटरला म्हणालो. जमाव पांगला. मी स्वतःवर खूश होतो.

पण मुद्देमाल रजिस्टरला नोंद झालेली वस्तू न्यायालयाच्या आदेशाशिवाय हलत नाही. महिन्याभरात माझी बदली झाली आणि मी विसरलो.

दोन वर्षांनी एका साक्षीसाठी त्या ठाण्यात गेलो. जप्त केलेल्या वाळूच्या गाड्या आवारात लावताना कोणीतरी विमानाच्या पंखांवरून चाक नेलं होतं. त्याच दिवशी आदेश घेऊन आलेला फिटर पान्याने उरलेले भाग सोडवत होता. मला मनापासून लाज वाटली. माफी मागितली.

तो वर न बघता म्हणाला, "लोकांनी जाळलं असतं तर राग तरी धरला असता, साहेब. तुमी तर वाचवलं व्हतं."

त्यानंतर प्रत्येक बदलीला चार्ज सोडण्याआधी मी मुद्देमाल रजिस्टर पहिल्या पानापासून वाचत असे. त्या फिटरला त्याचा काहीच उपयोग नव्हता.