गार राहिलेला कोपरा

"थांबा हां, आधी पायाक इचारतंय," असं म्हणत तो चपला दाराबाहेर काढायचा, अनवाणी पायांनी सगळी खोली हळूहळू फिरायचा आणि मगच तोंड उघडायचा. इंजिनियर ताटकळत उभा, घरमालक घड्याळ बघतोय, आणि हा मात्र तुळशीभोवती प्रदक्षिणा घातल्यासारखा गुंग. मला हसू आवरायचं नाही.

तुम्ही आखातात राहिला असाल तर असा एखादा मिस्त्री तुमच्याही पाहण्यात असेल. आमचा हा कुडाळकडचा, नळकाम करणारा. मी बहारीनमधल्या एका बांधकाम कंपनीच्या स्टोअरमध्ये कारकून होतो, आणि हूरा नावाच्या वस्तीत एका खोलीत आम्ही दोघं राहायचो. मी कऱ्हाडचा. त्याची मालवणी मला पहिले सहा महिने निम्मीच कळायची, पण बोलायला दुसरं होतं कोण! दोन माणसं एका खोलीत राहतात म्हणून एकटेपण अर्धं होतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

त्याच्या खाटेवरच्या भिंतीला एक कागद चिकटवलेला होता. त्यावर पेन्सिलीनं काढलेलं घर. गावी त्याचा धाकटा भाऊ ते बांधून घेत होता आणि हा इथून पत्रांतून खिडक्या सरकवत होता. "ओटी उगवतीक होयी, भाऊनू. सकाळचा ऊन पायार इला पाहिजे." दर शुक्रवारी हे ऐकून माझे कान किटायचे. तीन वर्षं तो गावी गेला नव्हता. घराचा एक दगडही त्यानं डोळ्यांनी पाहिला नव्हता. माघात वास्तुशांत ठरली, रजा मंजूर झाली, तेव्हा गड्यानं अख्ख्या इमारतीत बुंदी वाटली.

त्याच हिवाळ्याच्या तोंडावर रिफा गावातलं एक काम आलं. जुनं दगडी घर, जाड भिंती, आणि जमिनीखालून गरम पाण्याच्या नळ्या टाकायच्या! आम्ही पोट धरधरून हसलो. अहो, जिथे उन्हाळ्यात नळाचं पाणी अंगावर घेता येत नाही, तिथे घर तापवायचं? पण घरात एक म्हातारी होती, गुडघ्यांनी पार जायबंदी. जानेवारीतला उत्तरेचा वारा त्या दगडी घरात शिरला की तिला नमाजाला बसवायचं नाही. मुलानं परदेशात असली उबदार जमीन पाहिली होती, त्यानं आईसाठी हट्टच धरला.

मिस्त्रीनं जुनी फरशी उखडली आणि तांब्याच्या नळ्या नागमोडी अंथरल्या. प्रत्येक भागाला वेगळी नळी. नकाशा कुठेच नाही, सगळा त्याच्या डोक्यात. म्हातारी दारात खुर्ची टाकून बसायची, अरबीत बोलायची. हा मालवणीत उत्तर द्यायचा. दोघांचं झकास जमायचं. ती त्याला 'सदीक' म्हणायची, म्हणजे मित्र.

मागच्या अंगणातला बॉयलर पेटवला आणि घर छान ऊबदार झालं. एक कोपरा तेवढा गार राहिला. नेमका म्हातारीच्या नमाजाचा. इंजिनियर म्हणाला, "जुनी भिंत आहे, ओल असणार. खलास!" त्यानं सही केली आणि तो निघून गेला.

संध्याकाळी मिस्त्री खोलीवर आला तो भिंतीकडे तोंड करून बसला. मी विचारलं, "काय झालं?"

"भिंतीचा काय नाय ता. चूक माझी असा."

मग सगळं बाहेर आलं. कोकणात अंगणातलं खळं करताना ओली माती लाकडी चोपण्यानं चोपतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. ह्यानं नळ्यांवर ओला सिमेंटचा थर घातला आणि हाताच्या सवयीनं फळी घेऊन तोही चोपला, गावच्या खळ्यासारखा. त्या कोपऱ्यातली नळी दबली. "पाणी आत जाता तेवा गरम, भायर येता तेवा गार. हात लावन बघितलंय मी."

मी काय म्हणालो सांगू? लाज वाटते, पण सांगतो. "मिस्त्री, तोंड मिटून विमानात बसा. सही झालीय. आल्यावर बघू."

"मी गेल्यार कोण उघडतलो? दुसऱ्यान फोडल्यान तर बाकीचे नळये पण फोडीत." मग म्हणाला, "आणि म्हातारी थंयच बसता, भाऊनू."

दुसऱ्या दिवशी त्यानं इंजिनियरला स्वतः जाऊन सांगितलं. शिव्या खाल्ल्या. रजा रद्द झाली आणि नाव रजेच्या यादीच्या तळाला गेलं. भावाला तार केली. मुहूर्त काही हलला नाही.

वास्तुशांतीच्या सकाळी मी रिफाला नळी पोचवायला गेलो. मिस्त्री गुडघ्यांवर बसून छिन्नीनं एकेक इंच फोडत होता. एकदम हात थांबवून म्हणाला, "आता पूजेक बसले असतीत." म्हातारीनं मला खुणेनं विचारलं, काय झालं? माझ्या मोडक्या अरबीत मी सांगितलं, आज ह्याच्या नव्या घराची पूजा आहे, तिकडे. ती त्याच्याकडे वळली. मग "मबरूक, सदीक," म्हणजे अभिनंदन, एवढंच म्हणाली आणि डोक्यावरच्या ओढणीनं डोळे टिपले. तो हसला आणि पुन्हा फोडायला लागला. त्या क्षणी मला तो माणूस फार आवडला, आणि स्वतःचा रागही आला.

कोपरा दोन दिवसांत गरम झाला.

महिन्याभरानं गावाहून पूजेचा फोटो आला. नवरा-बायकोनं जोडीनं पूजेला बसायचं असतं. हा नव्हता म्हणून पाटावर भाऊ आणि भावजय बसली होती. मिस्त्रीची बायको मागे, दाराला टेकून उभी. त्यानं फोटो खिडकीशी नेला, पुन्हा पुन्हा पाहिला. "खिडकी बरी बसवल्यानी," म्हणाला.

पुढे तो कंपनी बदलून दुसऱ्या देशात गेला. पत्ता दिला होता, पण पत्रं परत आली. आज तो कुठे आहे, आहे की नाही, मला माहीत नाही.

जाण्याआधीच्या वर्षी त्याला एकदा रजा मिळाली होती. दोन महिन्यांची. हा बाबा तीन आठवड्यांत परत! मी विमानतळावरून आणायला गेलो. बॅग उचलता उचलता विचारलं, "काय मिस्त्री, कसं आहे घर?"

"झ्याक असा," तो म्हणाला. "भावान आपली खोली दिल्यान माका. पाहुणचार बरो केल्यानी सगळ्यांनी."