दारामागचा आवाज

इडा आणि सिरिल पार्जिटर यांच्या घरात भांडणाशिवाय चहाचं आधण ठेवलं जात नसे. लंडनच्या त्या गल्लीला त्याची सवय होती. त्यांच्या वरच्या खोलीत हॅरल्ड भाड्याने राहायचा. जवळच्या स्टुडिओत तो ध्वनिमुद्रण करी. तिथे वांड शाळकरी पोरांवर एक विनोदी चित्रपट चालला होता. पोरं दाराला कान लावून आईबापांचं भांडण ऐकतात, त्यातलं दारामागचं भांडण काही केल्या नटांना जमेना.

हॅरल्ड स्टुडिओच्या साहेबांना म्हणाला, "अस्सल माल माझ्या खोलीखाली रोज फुकट मिळतो."

मग काय, दोघं नवराबायको स्टुडिओत गेली आणि माइकपुढे हातचं न राखता भांडली.

त्याच वर्षी डिसेंबरात शहरावर धुराचं पिवळं धुकं बसलं. सिरिलची छाती आधीच अधू, तो त्यातून उठलाच नाही.

चित्रपट लागला तशी इडा रोज दुपारी थिएटरात जाऊ लागली. नवऱ्याचा आवाज आता तिथेच उरला होता. "चाललो मी घर सोडून," सिरिल ओरडे, दार आपटे आणि लोक असे खो खो हसत की पुढचं ऐकूच येत नसे. पुढे काहीतरी होतं, एवढं तिला पक्कं आठवे. काय ते मात्र आठवेना, आणि त्याने ती झुरणीला लागली.

"गप बसा रे, माणूस बोलतोय," ती हसणाऱ्या पोरांवर खेकसे.

"बाई, आम्ही हसायलाच आलोय."

चित्रपटाच्या शेवटच्या दिवशी बर्फ पडत होता. थिएटर रिकामं होतं. दार आपटलं, हसायला कोणीच नव्हतं.

आधी खोकला ऐकू आला. सिरिलचाच, खरवडून काढणारा, लांबलचक. मग एका बाईचा कडक आवाज, "पुरे झाली तुझी नाटकं."

तो आवाज तिचा होता. सिरिल पुढे काहीच बोलला नव्हता.

तिथे खेळामागून खेळ चाले. आपण आलो तो प्रसंग पुन्हा आला की माणूस उठून जाई. जागा दाखवणारी मॉरीन बॅटरी घेऊन आली. "पार्जिटरबाई, तुम्ही याच प्रसंगाला आला होतात ना? निघायचं?"

"बसते जरा."

शाळा सुटली. पोरं बूट आपटत, एकमेकांना ढकलत आत घुसली. इडा उठून त्यांच्याच रांगेत जाऊन बसली. पडद्यावर भांडण सुरू झालं तसा तिने शेजारच्या पोराचा हात घट्ट धरला.

"हस हं बाळा," ती म्हणाली. "मोठ्याने हस."