आत येणाऱ्यांची झडती

आमच्या मामाला सगळे ‘बंदोबस्त’ म्हणतात. एकतीस वर्षं तो एका कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी होता. आत जाणाऱ्या प्रत्येकाची पिशवी तो उघडायला लावायचा, जेवणाचा डबासुद्धा. एकदा तो चष्मा घरी विसरला म्हणून मी नेऊन द्यायला गेलो, तर सख्ख्या भाच्याचे खिसे तपासून मगच त्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला. चष्म्याशिवाय त्याला माझ्या खिशात काय दिसलं, ते त्यालाच ठाऊक.

पुढे कारखाना तोट्यात जाऊन बंद पडला आणि मामा घरी बसला. म्हणजे बसला नाहीच. मामीचे स्वयंपाकघरातले डबे चार वेळा हलवून झाले, दाराला तिसरी कडी बसवून झाली, आणि मग त्याची नजर गच्चीवरच्या मधमाश्यांच्या पेटीवर गेली.

पेटी मामीची. सहा वर्षांपूर्वी पाण्याच्या टाकीखाली लागलेलं पोळं तिनं स्वतःच्या हातांनी पेटीत उतरवलं होतं, आणि त्या माश्यांवर तिचा भारी जीव. फुलं संपली की दोन महिने माश्यांच्या उपासाचे. तेवढे दिवस त्यांना साखरेचा पाक द्यावा लागतो. ते निभले तर घर टिकतं, नाहीतर पेटी रिकामी. यंदा माश्या आधीच कमी होत्या आणि नेमका तेव्हाच मामीचा पाय मुरगळला. जिना चढणं बंद.

“संध्याकाळी द्यायचा, झाकणाच्या आत ठेवायचा, थेंबसुद्धा बाहेर सांडायचा नाही,” मामीनं तीनदा बजावलं.

“अगं, एकतीस वर्षं फाटक सांभाळलंय मी. मला शिकवतेस?”

मामानं जुनी टोपी घातली, शिट्टी गळ्यात अडकवली आणि पेटीसमोर खुर्ची टाकली. मुंग्या चढू नयेत म्हणून पेटीच्या चारही पायांखाली मामीनं पाण्याच्या वाट्या ठेवल्या होत्याच. मामानं त्याभोवती राखेचं रिंगण घातलं, रिंगणाभोवती आणखी एक रिंगण. पाल दिसली की शिट्टी, गांधीलमाशी दिसली की चप्पल. मेणकिड्याच्या अळ्या शोधायला तो रोज झाकण उघडून आत डोकावायचा. कीड परवडली, पण हा पहारेकरी नको, असं माश्यांना वाटलं असणार.

पाकाचं मात्र त्यानं स्वतःच्या नियमानं केलं. कारखान्यात आत खाणंपिणं सक्त मना होतं आणि जेवणाची सुट्टी बाराला. म्हणून रोज भर दुपारी बाराच्या ठोक्याला तो पाकानं भरलेलं पसरट ताट पेटीच्या दाराबाहेर मांडू लागला. शिस्त म्हणजे शिस्त.

चौथ्या दिवशी तो धावतच खाली आला. “अगं, दारात पाय ठेवायला जागा नाही! एवढ्या माश्या तुझ्या राज्यात कधी होत्या का? आता तीन पाळ्या लावाव्या लागतील!”

त्याच संध्याकाळी शेजारचा शिंपी मामीच्या पायाची चौकशी करायला आला. त्याच्याही गच्चीवर एक पेटी होती. “वहिनी, नवलच आहे,” तो म्हणाला. “आसपास एक फूल नाही, आणि माझी पेटी हातानं उचलवत नाही!”

“माझं बघून शिकला असशील काहीतरी,” मामा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बाराला मामीनं मूठभर पीठ घेतलं आणि पायरीपायरीवर टेकत गच्ची गाठली. पेटीतून बाहेर पडणाऱ्या माश्यांवर पीठ भुरभुरलं आणि मला म्हणाली, “जा, शिंप्याच्या पेटीत काय शिरतंय बघ.”

मी कठड्यावरून वाकलो. पिठानं पांढऱ्या झालेल्या माश्या शिंप्याच्या पेटीत रांगेनं शिरत होत्या.

ताटातल्या पाकाच्या वासानं आलेल्या त्या माश्या आता थेट आत घुसून आमची पेटी लुटत होत्या. दारात आमच्या माश्या त्यांच्याशी झुंजून मरून पडल्या होत्या आणि मामा त्या ढिगाशेजारी बसून गर्दीचं कौतुक करत होता. मामीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ताट उचलायला लावलं, गवत कोंबून दार एका माशीपुरतं ठेवलं आणि पेटीवर ओली चादर टाकली. अंधार पडताना झाकण उघडलं. राणी होती. सोबत ओंजळभर माश्या. शिंप्यानं ओशाळून आपल्या पेटीतल्या मधाच्या दोन भरल्या चौकटी आणून दिल्या. त्यांवर घर तरेल की नाही, हे मामीलाही सांगता येईना.

“येताना सगळ्या रिकाम्याच होत्या गं,” मामा पुटपुटला. “एकीजवळही काही नव्हतं.”

“आत येणाऱ्या मुंगीला अडवलंत, पालीला अडवलंत,” मामी म्हणाली. “पण अहो, बाहेर कोण काय घेऊन चाललंय, ते कधी पाहिलंत?”

मामानं टोपी काढली.

“फाटकावरही नाही पाहिलं,” तो म्हणाला. “रोज सहाला मालकांची गाडी बाहेर पडायची. मागून इतकी दबलेली असायची की खाली घासायची. मी सलाम ठोकायचो. ते काच खाली करून म्हणायचे, ‘तू आहेस म्हणून आम्ही निर्धास्त आहोत.’”