न बिघडणारे हातपंप

कवडू थूल पंचायत समितीत हातपंप दुरुस्त करायचा. त्याच्याकडच्या गावांतला एकही पंप बिघडत नसे. सरकारी नोकराच्या अंगी असू नये, असा हा दोष.

पोळा झाला की तो सायकलला पाने-पकडी बांधून निघे. चांगला चालता पंप उपसायचा, सळ्या वर ओढायच्या, झिजू लागलेला चामडी वायसर बदलायचा, साखळीला ग्रीस द्यायचं आणि पंप पुन्हा उभा करायचा. खांदे भरून येत. पण उन्हाळ्यात बायका पाण्यावाचून राहत नसत.

त्र्याऐंशी साली वरून फर्मान आलं, कारभार कार्यक्षम आणि जबाबदार करा. बीडीओ प्रभाकररावांनी ते फारच मनावर घेतलं. ज्याने जास्त तक्रारी मिटवल्या तो कार्यक्षम. जो मागे राहील, त्याची बदली कारंजाकडच्या टोकाला. पहिला नंबर दुसऱ्या भागातले पंप दुरुस्त करणाऱ्या मधुकररावांचा आला. ते पंप तारेने बांधत, आठवड्यात तो पुन्हा बंद पडे, पुन्हा तक्रार, पुन्हा तार. माणूस सतत कामात.

कवडूचा नंबर शेवटचा. घरी त्याची माय आनंदाबाई लकव्याने पडलेली. सकाळ-संध्याकाळ तिला उचलायला तोच, बायकोच्याने ती उचलवत नसे. बदली म्हणजे तिचे हाल. तो साहेबांना भेटायला गेला.

"मग महिनाभर तुम्ही करता काय?" साहेबांनी विचारलं.

"पंप बिघडू देत नाई, साहेब."

जे घडलंच नाही त्याचा जाब शासन कोणाला विचारणार, असं साहेबांनी त्याला प्रेमाने समजावलं.

ही गोष्ट त्याच्याकडच्या एका गावातल्या देवकाबाईच्या कानावर गेली. तिने पंपावरच्या बायकांना सांगितलं, कवडूभाऊले जाऊ द्याचं नाई. कोणी नवऱ्याचा पाना आणला, दांड्याचा बोल्ट काढून पिठाच्या डब्यात ठेवला आणि तक्रार धाडली. शेजारच्या गावांनीही तेच केलं. कवडू धावत आला की देवकाबाई चहासोबत बोल्ट पुढे करी. तो बसवायला बिडी विझण्याइतकाही वेळ लागत नसे. कवडूला त्याला काम म्हणायची लाज वाटे. पण माय घरी होती. तो तक्रार मिटल्याची सही घेऊन निघे.

तक्रारींचा असा पाऊस पडला आणि त्या अशा झटपट मिटल्या की कवडू पहिला आला. शाल, नारळ झाला. प्रभाकरराव भाषणात म्हणाले, एवढा कार्यक्षम माणूस इथे वाया घालवणं हा गुन्हा आहे. कारंजाकडचे पंप खरोखरच बंद आहेत. त्याला तिकडे पाठवलं. मागे पडलेल्या मधुकररावांना सुधारण्याची संधी म्हणून कवडूची गावं दिली.

कवडूने मायला दोन्ही हातांवर उचलून एसटीत ठेवलं. बायको कमला गाठोडी घेऊन मागे चढली.

"काऊन पाठवून राह्यले तुले?" माय अडखळत म्हणाली. "काही चुकलं का?"

"नाई माय. काम चांगलं केलं म्हणून."

म्हातारीने जरा विचार केला. "मंग आता तरी सुधरजो," ती म्हणाली.