संपर्क तुटलेली रुग्ण

सांगलीच्या एका रुग्णालयात संगणकाच्या पडद्यावर माझ्या थोरल्या बहिणीच्या नोंदीपुढे ‘संपर्क तुटला’ असा शेरा होता. मी तो वाचला तेव्हा ती त्याच खोलीच्या दाराबाहेर बाकावर बसून शेजारच्या बाईला भाजलेल्या शेंगा देत होती.

हे कसं झालं ते क्रमानं सांगतो.

आमच्या भागात लग्नात मुलीचं आडनाव बदलतं, आणि बऱ्याच घरांत नावही. ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहायचं आणि पेढे वाटायचे. आक्काचंही असंच झालं. तिचं सासर वडूजजवळ. तिथं रेशन कार्डावर, आधारवर, सातबाऱ्यावर तिचं सासरचं नाव आहे. तासगाव तालुक्यातल्या आमच्या घरी मात्र तिला त्या नावानं आजवर कुणी हाक मारलेली नाही.

दुसरी रीत अशी, की लेक आजारी पडली की तिला माहेरी आणायचं. आक्काला छातीत गाठ लागली तेव्हा आमचा दादा, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला, तिला घेऊन सांगलीला गेला. खिडकीवर रुग्णाचं नाव विचारलं. दादानं परेडवर सांगावं तसं खणखणीत आवाजात माहेरचं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. मोबाइल नंबर स्वतःचा दिला. ओळखपत्र कुणी मागितलं नाही.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मी साताऱ्याहून गेलो होतो. मी तिथल्या एका दैनिकात काम करतो. पांढरा कोट घातलेली एक तरुणी टॅब घेऊन आक्काच्या खाटेजवळ आली.

“मावशी, तुमची माहिती आम्ही नाव काढून क्लाउडवर ठेवणार. जगभरच्या संशोधकांना ती बघता येईल.”

“क्लाउड म्हंजे?”

“म्हणजे ढग.”

“आवं बाई, उद्या ऑपरेशन हाय. आजच कशाला ढगात पाठवताय?”

सगळी खोली हसली. मग आक्कानं सरळ विचारलं, “माझ्या मागनं कुणा पोरीबाळीला उपेग हुईल का?”

“होईल.”

“मग घ्या.” आणि तिनं टॅबवर बोटानं सही केली.

त्या सहीबद्दल माझी आजही तक्रार नाही. कर्करोग हा एक रोग नाही. एकाच अवयवाच्या गाठीतही अनेक प्रकार असतात, आणि एका जिल्ह्यात एका प्रकारचे रुग्ण थोडेच सापडतात. ठिकठिकाणची माहिती एकत्र आली तरच कोणतं औषध कुणाला लागू पडतं ते कळतं. हे मला तेव्हाही समजत होतं आणि पटलंही होतं.

शस्त्रक्रिया नीट झाली. पुढचे उपचार सासरहून जवळ पडावेत म्हणून साताऱ्याला करायचं ठरलं. साताऱ्याच्या डॉक्टरांनी आधार पाहून सासरच्या नावानं फाइल उघडली आणि काढलेल्या गाठीच्या तपासणीचा अहवाल मागितला. गाठ संप्रेरकांवर वाढणारी असेल तर गोळी, नसेल तर दुसरं औषध. सगळे उपचार त्या अहवालावर अवलंबून होते. सांगलीहून मिळालेल्या कागदावर एवढंच छापलेलं होतं : सविस्तर अहवाल पोर्टलवर पाहावा.

पोर्टल उघडायला दादाच्या मोबाइलवर आकडा यायचा. तो टाकला की आधार मागायचं. आधार टाकलं की उत्तर यायचं, नाव जुळत नाही.

“नो मॅच म्हणतंय रं,” दादा फोनवर सांगायचा. “बॉर्डरवर सुदिक एवढी चौकशी नव्हती.”

आठवडे गेले. साताऱ्याचे डॉक्टर म्हणाले, “अंदाजानं औषध देणार नाही.” त्यांचं बरोबर होतं. गाठीचा मेणात जपून ठेवलेला तुकडा मागवून पुन्हा तपासावा म्हटलं, तर तोही सांगलीत त्याच नावाखाली बंद होता. शेवटी आम्ही तिघं सांगलीला गेलो.

खिडकीवरच्या माणसानं आधार पाहिलं. “या नावाची पेशंट आमच्याकडे नाही.”

मी माहेरचं नाव सांगितलं. त्यानं शोधलं. “आहे. पण त्यांचं ओळखपत्र आणा.”

“त्या याच आहेत.”

“कशावरून? लग्नाचा दाखला आहे?”

दादा पुढे झाला. “मांडवात सगळा गाव जेवला, सायेब. दाखला कुणीच मागितला नव्हता.”

“रुग्णाच्या माहितीची गोपनीयता आहे, काका. आम्ही कुणालाही देऊ शकत नाही.”

तिथून आम्हाला माहिती कक्षात पाठवलं. तिथल्या अधिकाऱ्यानं मी पत्रकार आहे हे कळल्यावर चहा मागवला आणि प्रकल्प उत्साहानं दाखवला. आमच्या भागातल्या रुग्णांच्या गाठींची छायाचित्रं, तपासण्या, उपचार. नावं नाहीत, फक्त सांकेतिक क्रमांक. समुद्रापलीकडच्या प्रयोगशाळेत बसलेला माणूस या क्षणी यातली कोणतीही गाठ उघडून पाहू शकतो, असं तो म्हणाला. दादाजवळच्या रुग्णालयाच्या कागदावरचा क्रमांक मी त्याला दिला. त्यावरून त्यानं आक्काची नोंद काढली. गाठ होती, तपासणी होती, शेवटच्या रकान्यात तो शेरा होता.

“ही बाई बाहेर बाकावर बसली आहे,” मी म्हणालो.

“फॉलोअपला आली नाही की सिस्टिम आपोआप तसं दाखवते.”

“ती आली आहे. तुम्ही तिला ओळखत नाही.”

“नोंदीत बदल करायचा तर दाखला लागेल, सर.”

ज्या अहवालावाचून आक्काचे उपचार थांबले होते, तो माझ्यापासून हातभर अंतरावर उघडा होता. मला तो वाचता येऊ नये म्हणून अधिकाऱ्यानं पडदा स्वतःकडे वळवला. चहा तसाच ठेवून मी उठलो. बातमीत मी रागाचे शब्द वापरत नाही. तिथं वापरले.

आक्कानं आवाज ऐकला. ती उठली, शेंगांची टरफलं ओच्यातून डब्यात झाडली आणि कुणाला न विचारता तिचं ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांच्या दारात जाऊन उभी राहिली.

“आवं डॉक्टर, तुमीच कापलं की मला. आता हितं म्हंत्यात मी ती न्हवंच.”

डॉक्टरांनी तिला आत नेलं, पडद्याआड व्रण पाहिला, संगणकावर अहवाल उघडला आणि छापून तिच्या हातात दिला. “मी दिला असं सांगू नका,” ते मला म्हणाले. म्हणून मी त्यांच्याविषयी याहून जास्त लिहीत नाही. जे काम एक माणूस चहा निवायच्या आत करतो, त्यासाठी त्याला नियम मोडावा लागला.

गाठ गोळीला दाद देणारी निघाली. ती गोळी साताऱ्याच्या कोणत्याही मोठ्या दुकानात मिळते. पहिल्या आठवड्यापासूनच ती सुरू होऊ शकली असती. उशिरानं काय बिघडलं, असं मी साताऱ्याच्या डॉक्टरांना विचारलं. “आज सांगता येणार नाही,” ते म्हणाले. कधी सांगता येईल, हे मी विचारलं नाही. आक्का शेजारीच होती.

गोळी सुरू झाली त्याच दिवशी साताऱ्याच्या रुग्णालयातली एक मुलगी टॅब घेऊन आली. तोच प्रकल्प, तेच वाक्य : नाव काढून, जगभरच्या संशोधकांसाठी. म्हणजे तिकडे आता एका आक्काच्या दोन वेगळ्या रुग्ण होणार होत्या. एक सांगलीची, शस्त्रक्रियेनंतर नाहीशी झालेली. दुसरी साताऱ्याची, शस्त्रक्रियेची नोंदच नसलेली. ती गोळी खाऊन आक्का बरी झाली तरी त्या गाठीचं पुढं काय झालं ते तिकडे कुणाला कळणार नव्हतं.

मी हे तिला सांगितलं. तिनं टॅब हातात घेतला, पाहिला आणि मुलीला परत दिला.

“माझी एक तिकडं हरवलीया. ती आधी हुडका आन् हिला जोडा. मग सही.”

“मावशी, ते आमच्या हातात नाही.”

“मग माझं बोट तरी तुमच्या हातात कशाला देऊ?”

दर तपासणीला ती मुलगी टॅब घेऊन येते. आक्का तिला शेंगा देते आणि विचारते, “घावली का गं?”

अजून सही झालेली नाही.