गौराबाईच्या वरकसावरचा बोर्ड

शिळफाट्याच्या बाजारातले निम्मे बोर्ड इद्रिसभायच्या हातचे. शाळा सातवीतच सुटली. इंग्रजी त्याने जुना शब्दकोश झिजवून कमावलं. चुकीचा शब्द त्याच्या ब्रशातून उतरत नसे.

प्लॉट विकणाऱ्या ओमकारने त्याला पळसदरीला पत्र्याचा कोरा बोर्ड दाखवला आणि मजकुराचा कागद दिला. ‘लिमिटेड लँड्स’.

“लँडला एस लागत नाही, शेठ. ‘लिमिटेड लँड’ म्हणा, नायतर ‘अ लिमिटेड अमाउंट ऑफ लँड’.”

“चाचा, गिऱ्हाइकाला घाई झाली म्हणजे बस.”

“घाई होऊ दे. अक्षर माझं आहे.”

ओमकार हसत निघून गेला. इद्रिसभायने ‘लिमिटेड लँड’ असंच रंगवलं. तेवढ्यात गवताचा भारा घेऊन गौराबाई उतारावरून आली.

“काय लिवलंय रं?”

“जमीन थोडीच उरलीय, असं.”

“कंची?”

त्याने ब्रशाने वर दाखवलं. उतारावर चुन्याच्या रेघा आखल्या होत्या.

भारा खाली आपटला. “त्यो माझा वरकस हाय! दिरानं, गजानं, त्याचा वाटा इकला असंल, मला कुणी इचारलं?”

वरकसाचा, म्हणजे उतारावरच्या माळाचा, पालापाचोळा, गवत भाताच्या खाचरात जाळायचं, त्या राबावर भाताचं रोप तरारतं. वरकस गेला की खाचर पोरकं. हे पळसदरीतलं शेंबडं पोरही सांगेल.

इद्रिसभायने ओमकारला फोन लावला.

“मोकळाच तर पडलाय तो उतार,” ओमकार म्हणाला. “म्हातारी अजून किती दिवस? तुम्ही तुमचा एस सांभाळा.”

इद्रिसभायने फोन ठेवला. चाळीस वर्षं अक्षरं नीट काढली, आणि आज त्याच नीट अक्षरांत दुसऱ्याची जमीन विकायला काढली होती! टर्पेंटाइनचं फडकं घेऊन त्याने ओला रंग वरपासून खालपर्यंत पुसला. आता ओमकार फ्लेक्स छापून लावेल, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून तो घरी गेला नाही. गौराबाईच्या गोठ्यातली फळी मागून त्याने मराठीत लिहिलं, खाली इंग्रजीत: ‘हा वरकस गौराबाईचा. विकायचा नाही.’

“आजून मोठं लिव,” ती म्हणाली. “गाडीतून दिसलं पायजे.”

रविवारी पहिली गाडी थांबली. साहेबाने फ्लेक्स वाचला, फळी वाचली.

“यातलं खरं कोणतं?” त्याने ओमकारला विचारलं.

ओमकारने तोंड उघडायच्या आत गौराबाई विळा घेऊन बांधावर उभी राहिली.

“मला इचार, बाबा. जमीन माझी हाय.”