सिम बदललं आणि अण्णा गेले

एका शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास माझे वडील वारले. त्या वेळी ते अंगणात बसून फवारणीच्या पंपाचा वायसर बदलत होते.

या घटनेला सर्वस्वी मी जबाबदार आहे. म्हणजे मी आणि स्वस्त इंटरनेट.

मी जळकोटच्या एका शाळेत भूगोल शिकवतो आणि अणदूरहून रोज मोटारसायकलवर जातो-येतो. घरात आम्ही तिघं. मी, बायको रेखा आणि अण्णा, म्हणजे माझे वडील. तिघांचे तीन फोन, आणि तिन्ही नंबर माझ्या नावावर. जुन्या मोबाईल कंपनीनं रिचार्ज वाढवत वाढवत असा नेला की दर महिन्याला मला घाम फुटायचा. अशात एका दुसऱ्या कंपनीची योजना माझ्या वाचनात आली. नेट तेवढंच, पैसे जवळपास निम्मे. मी आठवडाभर दोन्ही कंपन्यांचा तौलनिक अभ्यास केला (इतका अभ्यास मी डी.एड.लाही केला नव्हता) आणि नंबर तेच ठेवून कंपनी बदलायचं जाहीर केलं.

रेखानं एकच विचारलं, "आपल्या घरात रेंज येते का त्याची?"

मी म्हणालो, माणसं मंगळावर यान पाठवायला लागलीत आणि तू अणदूरची रेंज विचारतेस. यावर ती काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मी सावध व्हायला पाहिजे, हे मला लग्नाला बावीस वर्षं होऊनही जमलेलं नाही.

योजनेचं दुकान तुळजापूरला. ते शाळेच्या वेळातच उघडं असायचं. आता सिमकार्डासाठी रजा मागणं बरं दिसत नाही, म्हणून मंगळवारी मी आमच्या मुख्याध्यापकांना, बिराजदार सरांना, सांगितलं की वडिलांना बरं नाही, दवाखान्यात न्यायचंय. प्रत्यक्षात अण्णा बाहत्तर वर्षांचे असून आयुष्यात दवाखान्यात गेले ते फक्त दुसऱ्यांना भेटायला, आणि तिथंही पेशंटला "ऊठ, काय झालंय तुला" असं म्हणून आले.

दुकानदारानं तीन नवी सिमकार्डं तीन छोट्या पाकिटांत दिली, प्रत्येक पाकिटावर पेनानं नंबर लिहिला, आणि जुनी रेंज गेली की ही घाला म्हणाला. शुक्रवारी संध्याकाळी तिन्ही फोनची रेंज एकदमच गेली. शनिवारी शाळा सकाळची. घरातले तीन फोन मेलेले असताना मुलांना मोसमी वारे शिकवायला जाणं मला काही पटेना. शेजाऱ्यांच्या फोनवरून मी बिराजदार सरांना कळवलं की अण्णांचं जरा जास्तच झालंय. सर इतक्या हळू आवाजात "सांभाळा" म्हणाले की मलाच क्षणभर अण्णांची काळजी वाटली.

मग मी कामाला लागलो. तिन्ही पाकिटं फोडली, तिन्ही सिमकार्डं टेबलावर मांडली आणि पाकिटं चुलीत टाकली. रेखा म्हणाली, एकेक करून घाला. मी तिला सांगितलं, भूगोलाच्या माणसाची दिशा चुकत नसते. दहा मिनिटांत तिन्ही फोन चालू. अण्णांच्या बटणांच्या फोनला अंगणात भरपूर रेंज आली. माझ्या महागाच्या फोनला घरात एक कांडीही येईना, म्हणून मी शिडी लावून छतावर, पाण्याच्या टाकीपाशी गेलो. तिथं दोन कांड्या आल्या. मी विजयी मुद्रेनं गावाकडं पाहिलं.

तेवढ्यात फोन वाजला. एक बाई म्हणाल्या, "माझं ब्लाउज झालं का?"

मी राँग नंबर म्हणालो. त्या म्हणाल्या, मागून गळा जरा खोल ठेवायला सांगितला होता, ठेवलाय ना. मी त्यांना नम्रपणे समजावलं की कंपनी नवी आहे, तारा क्रॉस झाल्या असाव्यात. (मोबाईलला तारा नसतात हे मला माहीत आहे. पण त्या क्षणी मला कंपनीचा बचाव करायचा होता.) पाच मिनिटांनी दुसऱ्या बाईंचा फोन, अस्तर लावलं का म्हणून. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गावातल्या निम्म्या बायकांची ब्लाउजं रेखा शिवते. माझ्या फोनमध्ये रेखाचा नंबर होता. मग माझा नंबर कुणाकडं?

याचा विचार करत तासभर छतावरच बसलो, तेव्हा कुठं इंटरनेट सुरू झालं. आणि काय वेग होता, मानलं पाहिजे. डोळ्याचं पातं लवायच्या आत शाळेच्या ग्रुपवर एक समईचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'आपले सहकारी बालाजी सर यांचे वडील अण्णा यांचे आज पहाटे दुःखद निधन. भावपूर्ण श्रद्धांजली.' त्याखाली हात जोडलेल्यांची रांग लागली होती.

मी छताच्या कठड्यावरून खाली वाकलो. अण्णा पंपाला हवा मारून बघत होते.

"अण्णा, कुणाचा फोन आलता का?"

"आलता की. कुणी सर व्हते. वडील कसे हायेत म्हणले."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"वडील तर गेले म्हणलं. कवा म्हणले. म्या म्हणलं पहाटं. ईस वर्सं झाली म्हणूस्तवर कट झाला फोन. भला माणूस दिसतोय, इतक्या वर्सांनी इचारतोय."

माझा नंबर अण्णांकडं होता. आम्हा बापलेकांचा आवाज फोनवर इतका सारखा, की माझी सख्खी बहीणसुद्धा दरवेळी फसते. आणि आजोबा खरंच पहाटे गेले होते. अण्णा एक अक्षरही खोटं बोलले नव्हते. घरात खोटं बोलणारा एकटा मीच होतो, आणि तोही छतावर.

मी घाईनं ग्रुपवर लिहिलं, 'अण्णा सुखरूप आहेत, गैरसमज झाला.' संदेशाशेजारी घड्याळाचं चिन्ह आलं आणि तिथंच थांबलं. रेंज गेली होती. मी फोन डोक्यावर धरून टाकीभोवती प्रदक्षिणा घातल्या. तिसऱ्या फेरीला गल्लीत जीप थांबली.

बिराजदार सर उतरले. मागोमाग पाच शिक्षक. मराठीचे शिंदे सर सर्वांत शेवटी, हातात हार घेऊन. शाळा सुटल्याबरोबर निघून, वाटेत नळदुर्गला थांबून त्यांनी तो घेतला होता. मी शिडीवरून उतरायला लागलो आणि शेवटची पायरी हुकली. त्यामुळं मी लंगडत, डोळ्यांत पाणी घेऊन अंगणात आलो, आणि ते प्रसंगाला शोभून दिसलं.

तोवर बिराजदार सर अण्णांशेजारी टेकले होते. अण्णांना त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. भावकीतलं कुणी वडीलधारं माणूस असावं असं समजून त्यांनी फार वाईट झालं म्हटलं, आणि तुम्ही त्यांचे कोण म्हणून विचारलं.

"कुणाचा?" अण्णा म्हणाले.

"गेले त्यांचे. अण्णांचे."

अण्णांनी पाना खाली ठेवला. हाराकडं पाहिलं, सहा माणसांकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं.

"म्या हाय की हितं," ते म्हणाले.

मग बिराजदार सरांनी मान वळवली. कॉपी पकडल्यावर ते पोराकडं बघतात, तसं त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि मी सगळं सांगून टाकलं. आजचं सांगितलं, मंगळवारचंही सांगितलं. रेखा पाण्याचे पेले घेऊन दारात उभी होती. तिनं सगळ्यांना पाणी दिलं, मला दिलं नाही.

अण्णा माझ्यावर चिडतील असं वाटलं होतं. पण त्यांनी शिंदे सरांच्या हातातल्या, हारामागून डोकावणाऱ्या कागदाकडं बोट दाखवून विचारलं, "ह्ये काय लिवलंय?" शिंदे सर चाचरत म्हणाले, गाडीत बसल्या बसल्या दोन शब्द लिहिले होते.

"मग म्हणा की. एवढ्या लांबून आलाव."

शिंदे सरांनी बिराजदार सरांकडं पाहिलं. सरांनी मान हलवली. मग आमच्या अंगणात, पंपाच्या शेजारी उभं राहून, शिंदे सरांनी अण्णांना अण्णांचं श्रद्धांजलीचं भाषण वाचून दाखवलं. अण्णा कष्टाचा डोंगर होते. अण्णा मितभाषी होते. (इथं रेखा पदर तोंडाला लावून आत पळाली.) अण्णांनी आपल्या मुलावर सत्याचे संस्कार केले.

"ह्ये पुन्हा वाचा," अण्णा म्हणाले.

शिंदे सरांनी ते वाक्य पुन्हा वाचलं. दुसऱ्या वेळी त्यांनाही हसू आवरेना. मग सगळेच हसायला लागले. शेवटी बिराजदार सर उठले, खोटी बातमी आली की माणसाचं आयुष्य वाढतं असं म्हणाले, आणि तो हार त्यांनी अण्णांच्या गळ्यात घातला. फोटो निघाले. रेखानं सगळ्यांना खायला चुरमुऱ्यांचा सुशीला केला, दोनदा चहा झाला. अण्णा दिवसभर हार काढायला तयार नव्हते. संध्याकाळी म्हशीचं दूध काढायलाही ते हार घालूनच बसले.

सिमकार्डं मी दुसऱ्या दिवशी बरोबर लावली. या वेळी एकेक करून, आणि रेखा शेजारी उभी असताना. कंपनी मात्र मी पुन्हा बदलली नाही. स्वस्त आहे, वेगवान आहे, आणि दिवसातून चार वेळा छतावर चढल्यानं माझं पोटही जरा उतरलंय. माझा निर्णय बरोबरच होता, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो.

फक्त एक झालं. निघताना बिराजदार सरांनी अण्णांचा नंबर घेतला. तेव्हापासून मी रजा मागितली की ते मला काही विचारत नाहीत, थेट अण्णांना फोन लावतात. मध्यंतरी मला खरोखर ताप भरला, तेव्हा अण्णा माझ्या कपाळावर हात ठेवून फोनवर म्हणाले, "हाय ताप, पण लई न्हाय. दुपारून येईल त्यो." मी दुपारी गेलो.

हल्ली तर फोनवरही भागत नाही, लेखी लागतं. माझ्या वर्गात चाळीस पोरं आहेत. गैरहजर राहिलं की प्रत्येकाला घरून वडिलांच्या सहीची चिठ्ठी आणावी लागते. मीही आणतो.